विश्लेषण : ‘पर्सनल कोच’ नेमके करतो काय? सल्ला न देणाऱ्याला पैसे का द्यायचे?

क्रिकेटचा कोच सगळ्यांना माहीत असतो. पण नोकरी, घर, नाती आणि निर्णय यांसाठीही कोच लावता येतो, हे अनेकांना मोबाइलवरच्या जाहिरातीतूनच कळते. हा माणूस औषध देत नाही, भविष्य सांगत नाही आणि चांगला असेल तर सहसा सल्लाही देत नाही. मग तो देतो काय? या पद्धतीमागचा विचार कुठून आला, एका तासाच्या सत्रात काय घडते, ती कुणाला उपयोगी पडते आणि कुणी तिच्यापासून लांब राहून थेट डॉक्टरांकडे जावे, याविषयी…

शिरगावच्या परिसरात हा विषय कसा आला?

मावळ तालुक्यातले शिरगाव अनेकांना ‘प्रतिशिर्डी’ साईमंदिरामुळे ठाऊक आहे. मनातला प्रश्न घेऊन येणाऱ्यांची इथे कमी नाही. जवळच गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान आहे. २०१२ मध्ये ते सुरू झाले आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला भारत-इंग्लंड टी-२० सामन्याने तिथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट आले. ‘कोच’ हा शब्द या पट्ट्यात प्रामुख्याने त्या मैदानाशी जोडलेला. मात्र आसपास नव्या इमारती उभ्या राहिल्या, हिंजवडी, तळेगाव आणि चाकणला रोज ये-जा करणारी कुटुंबे राहायला आली आणि त्यांच्यासोबत नवे प्रश्नही आले. बढती घ्यावी की नको? गावाकडच्या आईवडिलांचे काय? हप्ते डोक्यावर असताना नोकरी सोडावी का? पूर्वी असे प्रश्न मामाकडे, शाळेतल्या गुरुजींकडे किंवा भावकीतल्या जाणत्या माणसाकडे जात. आज मामा दुसऱ्या शहरात असतो आणि त्याने ‘परफॉर्मन्स रिव्ह्यू’ हा प्रकार पाहिलेलाही नसतो. ही मोकळी झालेली जागा पर्सनल कोच, लाइफ कोच, करिअर कोच अशा नावांनी भरली जात आहे.

‘कोच’ या शब्दाचा अर्थ काय?

या शब्दाचा उगम एका गावात आहे. हंगेरीत कोच नावाचे गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे तयार होणाऱ्या आरामदायी घोडागाड्या युरोपभर प्रसिद्ध झाल्या आणि गावाचे नाव गाडीला चिकटले. रेल्वेचा ‘कोच’ तोच. पुढे १८३०च्या दशकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिकवणीवाल्याला गमतीने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. खेळातला कोच त्यानंतरचा. मूळ अर्थ मात्र आजही उपयोगी आहे. गाडी प्रवाशाला त्याच्या ठिकाणी पोहोचवते, पण ठिकाण प्रवाशाने ठरवायचे असते. पर्सनल कोचिंगचा सगळा विचार याच भेदावर उभा आहे.

टेनिस कोर्टवरून ही पद्धत आयुष्यात कशी आली?

याचे श्रेय मुख्यत्वे अमेरिकेतील टेनिस प्रशिक्षक टिमोथी गॅलवे यांना दिले जाते. शिकवताना त्यांच्या लक्षात आले, की ‘मनगट असे ठेवा, खांदा तसा वळवा’ अशा सूचना जितक्या वाढतात, तितका खेळाडू आखडतो. म्हणून त्यांनी सूचना कमी केल्या आणि एक साधे काम दिले. चेंडू जमिनीवर आपटला की मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचे आणि रॅकेटला लागला की ‘फटका’ म्हणायचे. बस, एवढेच. मन चेंडूवर गुंतले की स्वतःला टोमणे मारायला त्याला सवड राहत नाही आणि शरीर आपले आपण जुळवून घेते, असा त्यांचा अनुभव होता.

१९७४ मध्ये आलेल्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकात त्यांनी माणसाच्या आतल्या दोघांची ओळख करून दिली. एक सतत हुकूम सोडणारा ‘मी’ आणि दुसरा प्रत्यक्ष काम करणारा ‘मी’. पहिला जितका ओरडतो, तितका दुसरा गडबडतो. त्यावरून त्यांनी मांडलेले सूत्र असे : क्षमतेतून आतला अडथळा वजा केला की उरते ती कामगिरी. म्हणजे माणसात नवे काही भरण्याआधी आधीच असलेले कुठे अडले आहे ते पाहायचे.

ब्रिटनमधील माजी मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी हा विचार कार्यालयांत नेला. त्यांचे ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ हे पुस्तक १९९२ मध्ये आले. व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेला ‘ग्रो’ हा आराखडा आज जगभर वापरला जातो. गोल म्हणजे काय हवे, रिअ‍ॅलिटी म्हणजे आता काय आहे, ऑप्शन्स म्हणजे काय काय करता येईल आणि विल म्हणजे नक्की काय करणार. अमेरिकेत थॉमस लिओनार्ड यांनी १९९५ मध्ये कोचची व्यावसायिक संघटना सुरू केली. तीच आजची इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन.

एका सत्रात प्रत्यक्ष काय घडते?

एक उदाहरण कल्पून पाहू. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा पस्तिशीचा एक जण नुकताच सुपरवायझर झाला आहे. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्याकडूनच आज काम करून घ्यायचे आहे. शिफ्ट संपता संपता त्याचा आवाज चढतो आणि घरी आल्यावर तो कुणाशी बोलत नाही. कोचसमोर बसल्यावर त्याचे पहिले वाक्य असते, ‘माणसे ऐकतच नाहीत.’

सल्लागार इथेच बोलायला लागेल. कोच विचारतो, ‘तासाभराने इथून उठताना तुमच्या हाती काय असले म्हणजे वेळ सत्कारणी लागला असे वाटेल?’ उत्तर येते, ‘लोकांनी माझे ऐकायला हवे.’ पुढचा प्रश्न, ‘यातले तुमच्या हातात काय आहे?’ थोडी शांतता. मग तो म्हणतो, ‘मी कसा बोलतो, ते.’ इथे ध्येय बदलले. लोकांना बदलण्याऐवजी ते स्वतःच्या बोलण्यावर आले.

आता वस्तुस्थिती. ‘मागच्या आठवड्यात आवाज किती वेळा चढला? नेमका कधी?’ आठवून पाहिल्यावर कळते, की तीन वेळा आणि तिन्ही वेळा शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात. त्या वेळी काय असते? उत्पादनाचा आकडा वरिष्ठांना कळवायचा असतो. म्हणजे ‘माणसे ऐकत नाहीत’ या वाक्याखाली दुसरेच वाक्य होते, ‘आकडा कमी पडला तर माझे काय होईल, याची मला भीती वाटते.’ हे कोचने सांगितलेले नाही. त्याने फक्त ‘कधी’ असे विचारले.

मग पर्याय. पहिला पर्याय सगळ्यांनाच सुचतो, म्हणून कोच ‘आणखी?’ असे दोन-तीनदा विचारतो. आकडा शेवटी एकदम पाहण्याऐवजी दर दोन तासांनी फलकावर लिहिता येईल. जुन्या मित्रांपैकी एकाशी मोकळेपणाने बोलता येईल. ठरवलेले लक्ष्य मुळात शक्य आहे का, हे वरिष्ठांना विचारता येईल.

शेवटी निश्चय. ‘यातले काय करणार? कोणत्या दिवशी? आड काय येईल?’ इथे अनेक कोच मोजपट्टीचा प्रश्न वापरतात. शून्य ते दहामध्ये स्वतःवर किती भरवसा आहे? तो म्हणतो, ‘सहा.’ कोच विचारतो, ‘सहा का? चार का नाही?’ प्रश्न उलटा वाटतो, पण त्याचे उत्तर देताना माणूस आपल्या जमेच्या बाजू स्वतःच्या तोंडाने सांगतो. मग विचारायचे, ‘सहाचे सात व्हायला काय लागेल?’ ही मोजपट्टी अमेरिकेतील स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांच्या उपायकेंद्री समुपदेशनातून कोचिंगमध्ये आली.

ठरवलेले प्रत्यक्षात यावे म्हणून वाक्य ‘जर-तर’ या साच्यात बसवले जाते. ‘मी शांत राहीन’ हा संकल्प झाला. ‘आकडा कमी दिसला, तर आधी मशीनपाशी जाऊन कारण विचारीन आणि मगच बोलेन’ ही कृती झाली. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या साच्यावर दीर्घकाळ संशोधन केले. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नुसत्या इच्छेपेक्षा ‘जर-तर’ ठरवणाऱ्यांचे ध्येय गाठण्याचे प्रमाण लक्षणीय चांगले असल्याचे त्यात दिसले.

पुढच्या भेटीची सुरुवात ‘काय केलेत?’ या प्रश्नाने होते. केले नसेल तर रागावणे नाही. न करण्यामागचे कारण हीसुद्धा माहितीच असते.

कोच थेट उत्तर का देत नाही?

याचे वैचारिक मूळ मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याकडे जाते. समोरच्याला ‘रुग्ण’ न म्हणता ‘क्लायंट’ म्हणण्याचा आग्रह त्यांनी धरला. त्यांचे क्लायंट-केंद्री उपचारावरचे पुस्तक १९५१ मध्ये आले. पुरेसा आदर, समजून घेणे आणि खरेपणा मिळाला तर माणसात स्वतःची वाट शोधण्याची ताकद असते, ही त्यांची मांडणी.

व्यवहारातही याला कारणे आहेत. कोच त्या कारखान्यात गेलेला नसतो. तिथली माणसे, मशीन आणि राजकारण सुपरवायझरला माहीत असते. शिवाय दुसऱ्याने दिलेले उत्तर चुकले की दोष त्याच्यावर ढकलता येतो; स्वतः काढलेले उत्तर मात्र माणूस नेटाने निभावतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे उत्तर मिळाले तर आजचा प्रश्न सुटतो, पण प्रश्न विचारायची सवय लागली तर उद्याचाही सुटू शकतो.

याचा अर्थ सांगणे चूक आणि विचारणे बरोबर, असा नाही. रमाकांत आचरेकर सरांचे उदाहरण घ्या. शिवाजी पार्कवर ते स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे, सचिन नाबाद राहिला तर सचिनचे. सर आपल्याला कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, असे सचिन तेंडुलकर यांनी २०१३ मध्ये वानखेडेवर निवृत्तीच्या भाषणात सांगितले होते. ते डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला नियम, शिस्त आणि तंत्र सांगावेच लागते. ज्याला माहितीच नाही, त्याला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारत बसणे हा छळ आहे. जमिनीच्या वादात वकील हवा, कर्जाच्या गुंत्यात हिशेब जाणणारा हवा. माणसाला काय करायचे ते माहीत असूनही होत नाही, किंवा दोन बरोबर वाटणाऱ्या वाटांमध्ये तो अडकला आहे, तिथे कोचचे काम सुरू होते.

स्वप्नील कुसाळेच्या पदकातून काय दिसते?

शिरगावहून पुण्याकडे निघाले की महामार्गालगत बालेवाडीची क्रीडानगरी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि बालेवाडीत त्याने नेमबाजीचा कसून सराव केला. २०१५ पासून तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच्या वैयक्तिक प्रशिक्षक दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळल्या होत्या.

ऑलिम्पिक पदकापर्यंत जाण्याआधी स्वप्नीलच्या वाट्याला दोन चौथे क्रमांक आले. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि भारताला ऑलिम्पिकची जागा मिळाली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळाले, पण वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर असताना उभ्याने नेम धरण्याच्या टप्प्यात एक गोळी ७.६ गुणांवर गेली आणि तो पुन्हा चौथा राहिला. तंत्र तेच आणि रायफलही तीच, तरी एका गोळीने पदक गेले. गॅलवे ज्याला आतला अडथळा म्हणतात, तो साधारण अशाच क्षणी डोके वर काढतो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर आणि पालथे झोपून नेमबाजीच्या टप्प्यांत तो पहिल्या तिघांच्या बाहेर होता; पदक मिळाले ते उभ्याने नेम धरण्याच्या टप्प्यात. या प्रकारातले हे भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकी कांस्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळाले. सामन्यानंतर त्याने सांगितले, की छाती धडधडत होती, पोटात काही नव्हते, फक्त काळा चहा घेतला होता. गुणफलकाकडे पाहिले नाही, श्वासावर लक्ष ठेवले आणि वेगळे काही करायचा प्रयत्न केला नाही. दीपाली मॅडम आपल्याला दुसऱ्या आईसारख्या आहेत, असेही त्याने सांगितले होते. देशपांडे यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला.

यातून आयुष्याच्या कोचिंगसाठी दोन गोष्टी घेता येतात. पहिली, धडधड थांबत नाही. ती असतानाही लक्ष कुठे ठेवायचे, हे शिकता येते. दुसरी, फायरिंग पॉइंटवर प्रशिक्षक नेमबाजाच्या वतीने ट्रिगर ओढू शकत नाही. सगळी तयारी अशा क्षणासाठी असते, जेव्हा माणूस एकटा असतो.

कोच, मेंटर, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत फरक काय?

मेंटर त्याच वाटेने पुढे गेलेला असतो आणि आपला अनुभव सांगतो. समुपदेशक मनाला लागलेले दुःख, नात्यातला ताण आणि विचारांची गाठ यांवर काम करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो आजाराचे निदान करतो आणि औषध देतो. कोच निदान करत नाही. एरवी रोजचे जगणे नीट चालू असलेल्या माणसासोबत तो पुढच्या टप्प्यावर काम करतो.

महाराष्ट्रात या दोन प्रांतांच्या सीमेवर मोठे काम झाले आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करत इथे रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने ती मराठी माणसाच्या भाषेत आणली. ‘असे व्हायलाच हवे’ या हट्टाऐवजी ‘असे झाले तर मला आवडेल’ असे म्हणायला शिकणे, हा त्यातला गाभा. आज अनेक कोच हीच हत्यारे वापरतात. मात्र आजारावर ती वापरायला प्रशिक्षण लागते.

धोका इथेच आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक हरवली असेल, कशातच रस वाटत नसेल, दारू वाढली असेल, कानात आवाज येत असतील किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर तो ध्येय ठरवण्याचा प्रश्न राहत नाही. नैराश्यातल्या माणसाला ‘तुमचे पाच वर्षांचे स्वप्न काय?’ असे विचारले आणि त्याला उत्तर सुचले नाही, तर तो स्वतःला आणखी दोष देतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जायचे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते. हा मजकूर वाचता वाचता कुणाची आठवण झाली असेल, तर हा क्रमांक त्यांना पाठवता येईल. चांगला कोच अशी लक्षणे दिसताच स्वतः थांबतो आणि योग्य ठिकाणी पाठवतो.

कोचिंगचा उपयोग होतो, याला पुरावा आहे का?

आहे, पण तो जाहिरातींइतका भव्य नाही. २०१४ मध्ये नेदरलँड्समधील टिम थेबूम आणि सहकाऱ्यांनी कामाच्या ठिकाणच्या कोचिंगवरील १८ अभ्यास एकत्र तपासले. कामगिरी, मनाचे स्वास्थ्य, ताण हाताळणे, कामाविषयीची वृत्ती आणि ध्येयाच्या दिशेने स्वतःला वळवणे या पाचही बाबतींत फायदा दिसला. सगळ्यात जास्त फायदा शेवटच्या गोष्टीत होता. म्हणजे कोचिंगने माणूस ठरवलेल्या गोष्टीला धरून राहायला शिकतो. ते पगार दुप्पट करते किंवा स्वभाव बदलते, असा निष्कर्ष यातून निघत नाही. नंतरच्या संशोधनात आणखी एक गोष्ट वारंवार पुढे आली. कोच आणि क्लायंट यांच्यात विश्वास किती आहे आणि ध्येयाबाबत एकमत किती आहे, याचा निकालाशी जवळचा संबंध असतो. म्हणून नावाजलेला कोच प्रत्येकालाच मानवेल असे नाही.

कायद्याचे संरक्षण किती आहे?

भारतात पर्सनल किंवा लाइफ कोच म्हणून काम करायला कोणताही परवाना लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण, याची व्याख्या आहे. कोच त्यात येत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोचला अशी सक्ती नाही. थोडक्यात, उद्या सकाळी कुणीही फलक लावू शकतो.

त्यामुळे आंतरराष्ट्रीय संघटनांची प्रमाणपत्रे महत्त्वाची ठरतात, पण ती ऐच्छिक आहेत. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या श्रेणीसाठी किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. दुसऱ्या श्रेणीसाठी १२५ तास शिक्षण आणि ५०० तास अनुभव, तर सर्वोच्च श्रेणीसाठी २०० तास शिक्षण आणि २५०० तास अनुभव. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत मिळालेला कागद आणि या श्रेणी यांत किती अंतर आहे, हे यावरून कळेल.

पैसे देऊन घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. फसवी जाहिरात किंवा सेवेतली त्रुटी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि संदेश जपून ठेवावेत. सगळे बोलणे फोनवर आणि पैसे रोखीत झाले, तर दाद मागणे अवघड जाते.

पैसे देण्याआधी काय विचारावे?

‘तुमचे शिक्षण आणि अनुभव किती तासांचा?’ हा पहिला प्रश्न. ‘एकूण किती सत्रे, प्रत्येकाची किंमत किती आणि मध्येच थांबलो तर पैसे परत कसे?’ हा दुसरा. ‘मी सांगितलेले कुणाकुणाला कळेल?’ हा तिसरा. कंपनीने कोच दिला असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण पैसे कंपनी देते आणि मन कर्मचारी मोकळे करतो. मनुष्यबळ विभागाला काय कळवले जाईल, हे आधीच तिघांच्या संमतीने ठरलेले असावे. ‘कोणत्या माणसाला तुम्ही नाही म्हणता?’ हा चौथा. ज्याला कुणालाच नाही म्हणावे लागले नाही, त्याला आपली हद्द माहीत नाही असे समजावे.

धोक्याच्या खुणाही ठळक असतात. हमखास यशाची हमी, ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’, दुसऱ्या क्लायंटच्या खासगी गोष्टी सांगणे, डॉक्टरांची औषधे बंद करायला लावणे, घरच्यांपासून किंवा मित्रांपासून तोडणे आणि एक कोर्स संपला की त्याहून महाग पुढचा कोर्स. अपयश आले तर ‘तुमची इच्छाशक्ती कमी पडली’ असे म्हणून दर वेळी दोष क्लायंटवर टाकणारा माणूस टाळलेलाच बरा.

खर्च परवडत नसेल तर?

पद्धत कुणाच्या मालकीची नाही. एका वहीत चार प्रश्न लिहायचे : मला काय हवे? आता नेमके काय आहे, तारीख-वार-वेळेसह? आणखी काय काय करता येईल, किमान पाच पर्याय? यातले कोणते, कधी? दर रविवारी अर्धा तास पुरतो. दुसरा मार्ग मित्राचा. दोघांनी वेळ वाटून घ्यायची. वीस मिनिटे एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, ‘माझे ऐक’ म्हणायचे नाही. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड जाते. कुणी अडचण सांगितली की तोंडातून उपाय निघतोच, तोही प्रेमापोटी. पण ऐकणाऱ्याने दहा मिनिटे जरी तो उपाय गिळला, तरी बोलणाऱ्याला आपलेच म्हणणे पहिल्यांदा नीट ऐकू येते.

चांगला कोच ओळखायचा कसा?

त्याची गरज हळूहळू कमी होते का, ते पाहावे. सुरुवातीलाच किती सत्रांनी थांबायचे हे ठरलेले असावे आणि मध्ये एकदा दोघांनी मिळून आढावा घ्यावा. सहा महिन्यांनंतरही प्रत्येक लहान निर्णयासाठी कोचला फोन लावावा लागत असेल, तर मामाच्या जागी फक्त पगारी मामा आला, एवढाच बदल झाला. याउलट, शिफ्टच्या शेवटच्या अर्ध्या तासात आवाज चढू लागताच त्या सुपरवायझरने मनातल्या मनात ‘आत्ता मला कशाची भीती वाटते आहे?’ असे विचारले आणि मशीनकडे पाऊल वळवले, तर समजावे, की दिलेले पैसे वसूल झाले.